संसार आणि व्यवहार : अंगठ्याचें मोल

मागील अंकांत आम्हीं मृत्युपत्राविषयीं लिहिलें, तें वाचून एका वाचकांनीं अशी सूचना केली कीं, कामावर असतां ज्यास इजा होते त्याचा हक्क काय, याविषयींहि या सदरांत दोन शब्द यावेत. सूचना योग्य आहे. या विषयास हात घालण्याचें आम्ही आजवर टाळीत आलों, याचें कारण संकोच. तो संकोच आज बाजूस ठेवितों, कारण आमच्या चुकीपासून कोणा एका घरानें जरी बोध घेतला तरी आमचें लिहिणें सार्थकीं लागेल.

२०२२ सालची गोष्ट. आमचा एक माजी विद्यार्थी पत्र्याचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना चालवितो. कामावर सहा माणसें. त्यांपैकीं पंचवीस वर्षांच्या एका तरुणाचा उजवा अंगठा प्रेसखालीं सांपडून मुळापासून गेला. मालकानें त्यास तत्काळ रुग्णालयांत नेलें, औषधोपचाराचा सर्व खर्च केला, पुढें पंधरा दिवस स्वतःच्या घरून डबा पाठविला. हें सर्व आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मनुष्य निर्दय नव्हता. नंतर त्यानें चाळीस हजार रुपये रोख देण्याचें ठरविलें आणि एक कागद तयार केला : सर्व रक्कम पोंचली, यापुढें माझी कांहींहि मागणी राहिलेली नाहीं. साक्षीसाठीं त्यानें आम्हांस बोलाविलें. “गुरुजी, आपली सही असली म्हणजे त्यालाहि धीर येईल,” असें तो म्हणाला. आम्हीं सही केली. तो तरुण लिहितांवाचतां येणारा होता, परंतु उजवा हात बांधलेला. म्हणून त्यानें डाव्या हाताचा अंगठा उमटविला आणि आमच्या पायांस हात लावला.

त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं आम्हीं ही हकीकत घरांत मोठ्या समाधानानें सांगितली. आमचा पुतण्या वकिली करतो. त्यानें पानावरचा हात थांबविला आणि विचारलें, “काका, त्याचा पगार किती?” आम्ही म्हणालों, चौदा हजार. त्यानें मनाशीं कांहीं हिशेब केला आणि म्हणाला, “तो कागद कायद्यानें रद्दी आहे. सही मात्र तुमची आहे.”

तो हिशेब आम्ही येथें मांडतों, कारण सुशिक्षित घरांतहि तो फारसा कोणास ठाऊक नसतो. त्या वेळीं १९२३ चा कायदा लागू होता. तो १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. आरंभीं त्यांत ‘वर्कमन’ असा शब्द होता, २००९ च्या दुरुस्तीनें त्या जागीं ‘एम्प्लॉयी’ म्हणजे कर्मचारी हा शब्द आला. मनुष्य कायमचा व पूर्ण निकामी झाला तर त्याच्या मासिक वेतनाचे ६० टक्के घ्यावयाचे आणि वयाप्रमाणें ठरलेल्या गुणांकानें त्यास गुणावयाचें. मृत्यु आला तर वेतनाचे ५० टक्के घेऊन तोच गुणांक लावावयाचा. वय जितकें कमी तितका गुणांक मोठा, कारण पुढें कमावण्याचीं वर्षें अधिक. पंचविशीस तो २१६.९१ आहे, चाळिशीस १८४.१७, साठीस ११७.४१. वेतन कितीहि असलें तरी हिशेबासाठीं तें दरमहा १५,००० पर्यंतच धरीत. इजा अंशतः असेल तर कोणत्या अवयवाच्या हानीनें कमाईची शक्ति किती टक्के गेली, याची सूची कायद्यासच जोडलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी संपूर्ण गेली तर १४, एका हाताचीं चारी बोटें गेलीं तर ५०, दुसरा चांगला असतां एक डोळा गेला तर ४०.

आतां गणित सोपें आहे. १४,००० चे ६० टक्के म्हणजे ८,४००. त्यास २१६.९१ नें गुणिलें असतां १८,२२,०४४. त्याचे ३० टक्के म्हणजे ५,४६,६१३ रुपये. औषधोपचाराचा खर्च याहून वेगळा. तो या रकमेंतून वळता करतां येत नाहीं. ज्याच्या हातीं आम्हीं चाळीस हजार पाहिले व धन्य झालों, त्याचें येणें साडेपांच लाखांच्या घरांत होतें. आम्ही चाळीस वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलें, आणि हें एक गणित सही करण्यापूर्वीं मांडण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

कागद रद्दी कां, तेंहि सांगतों. कर्मचाऱ्यानें आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायदा मानीत नाहीं. उभयतांनीं रक्कम ठरविली असेल तर तिचें निवेदन आयुक्तांकडे नोंदवावें लागे. रक्कम अपुरी दिसली तर ते नोंदणी नाकारूं शकत. नोंदणी केलीच नाहीं तर पूर्ण भरपाईची जबाबदारी मालकावर राही, आणि दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक वजावट त्यास सहसा मिळत नसे. घाबरलेल्या माणसाकडून बंद खोलीत अंगठा घेतला जातो हें कायदा करणारांस पुरतें ठाऊक होतें.

तें ठाऊक होण्यास मात्र फार काळ लागला. इंग्लंडांत १८३७ सालीं एका खाटकाच्या नोकरानें, जास्त लादलेली गाडी मोडून आपली मांडी मोडली म्हणून धन्यावर दावा केला. नोकरानें धोका पत्करूनच चाकरी धरलेली असते, अशा विचारानें वरिष्ठ न्यायालयानें तो फेटाळला. त्या देशांत कामगारभरपाईचा कायदा होण्यास १८९७ साल उजाडलें. जर्मनींत अपघातविम्याचा कायदा १८८४ सालीं झाला. आणि त्याच १८८४ च्या सप्टेंबरांत मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारची सुटी त्यांत होती हें पुष्कळांस माहीत असतें. परंतु आणखी एक मागणी अशी होती कीं, कामावर जबर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. पांच हजारांहून अधिक कामगारांनीं त्या अर्जास संमति दिली होती. रविवार १८९० सालीं मिळाला. भरपाईच्या कायद्यासाठीं मात्र आणखी तीस वर्षांहून अधिक काळ थांबावें लागलें. रविवारीं दुपारीं वामकुक्षी करणाऱ्या आम्हां मंडळींस हा इतिहास ठाऊक असावयास हवा.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही विद्यार्थ्याकडे गेलों. त्यास सर्व सांगितलें. तो दुखावला. म्हणाला, “गुरुजी, मी त्याला भावासारखें संभाळलें, आणि आपण मला कायदा दाखवितां?”

आम्ही म्हणालों, “संभाळलेंस हें खरें. पण सख्ख्या भावाचा वाटा तूं चाळीस हजारांत मिटविला असतास काय? आणि त्यानें मान्य केलें असतें काय?”

त्यानें उत्तर दिलें नाहीं. वाट पाहून चार महिन्यांनीं त्या तरुणानें आयुक्तांकडे अर्ज केला. अपघातापासून दोन वर्षांची मुदत तेव्हां होती. आमच्या पुतण्यानें अर्ज लिहून दिला आणि आम्हीं आपल्या सहीची हकीकत जशी घडली तशी आयुक्तांपुढें सांगितली. दिलेल्यांपैकीं वीस हजारच वजा धरले गेले. बाकी रक्कम बारा टक्के व्याजासह भरावी लागली. विद्यार्थ्यानें विमा उतरविला नव्हता, त्यास कर्ज काढावें लागलें. त्या तरुणानें गांवीं पिठाची गिरणी टाकली आहे. गुरुपौर्णिमेस आमच्या घरीं येणारा विद्यार्थी त्या वर्षापासून येत नाहीं.

आतां वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी. १९२३ चा कायदा आज स्वतंत्र उरलेला नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ अमलांत आली आणि भरपाईचीं मुख्य तत्त्वें तिच्या सातव्या प्रकरणांत आलीं आहेत. घरून कामावर जातांना किंवा परततांना झालेला अपघातहि, वेळ, स्थळ व कारण यांचा नोकरीशीं संबंध असेल तर, आतां कामावरचाच धरला जातो. कामावर घेतांनाच कर्मचाऱ्यास त्याचा हा हक्क त्यास समजेल अशा भाषेंत कळविणें मालकाचें कर्तव्य आहे. जेथें दहा किंवा अधिक माणसें कामावर आहेत आणि कर्मचारी राज्य विमा लागू आहे, तेथें विमा उतरलेल्या माणसाची भरपाई मालकाऐवजीं विमा महामंडळ देतें.

ज्यांच्या घरांतील मुलें नोकरीस आहेत त्यांनीं अपघात होतांच लेखी कळवावें, नोंदवहींत नोंद झाली कीं नाहीं तें पाहावें, रुग्णालयाचे कागद जपावेत आणि कोणत्याहि ‘सर्व पोंचलें’ अशा कागदावर घाईनें सही करूं नये. ज्यांच्या घरांतील मुलें कारखाने चालवितात त्यांनीं यंत्रावरील संरक्षक जाळी कामाचा वेग वाढावा म्हणून काढूं देऊं नये, आणि विमा आजच उतरावा. अपघातानंतर तो उतरतां येत नाहीं. कामगारानें दारू प्यायली होती किंवा मुद्दाम आज्ञा मोडली, ही सबब अंशतः इजेपुरती चालते. मृत्यु आला किंवा मनुष्य कायमचा पूर्ण निकामी झाला तर ती चालत नाहीं.

आपल्या घरांतून दानाचें महत्त्व लहानपणापासून शिकविलें जातें, आणि तें उचितच आहे. परंतु दान व ऋण यांत भेद आहे. दान किती द्यावें तें देणारा ठरवितो आणि घेणारा त्याच्या पायां पडतो. ऋणाचा आंकडा ठरलेला असतो आणि तें फेडणाऱ्याच्या कोणी पायां पडत नाहीं. त्या दिवशीं त्या तरुणानें आमच्या पायांस हात लावला तेव्हांच आम्हीं ओळखावयास हवें होतें कीं हिशेबांत कांहीं चुकलें आहे. एकलव्याची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. आतां कोणी सांगावयास लागलें म्हणजे आम्हांस तो कागद आठवतो.