अदानींचा शेअर सावरला. करारांचा हिशेब बाकी

24 जानेवारी 2023 रोजी हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी शॉर्टसेलर कंपनीचा अहवाल आला आणि काही दिवसांतच अदानी समूहाचं बाजारमूल्य 100 अब्ज डॉलरहून जास्त घसरलं. पूर्ण भरलेली 20 हजार कोटींची शेअरविक्री समूहाला 1 फेब्रुवारीला मागे घ्यावी लागली. पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या जीक्यूजी पार्टनर्सने 15,446 कोटी रुपये गुंतवले आणि समूहाने शेअर तारण ठेवून काढलेली कर्जं मुदतीआधी फेडली. जानेवारी 2025 मध्ये हिंडेनबर्गनेच गाशा गुंडाळला. 18 सप्टेंबर 2025 रोजी सेबीने अहवालातल्या काही प्रमुख आरोपांवर समूहाच्या बाजूने आदेश दिला. तेव्हापासून 'प्रकरण मिटलं' असं सर्रास बोललं जातं.

शेअर घेणाऱ्यापुरतं ते मिटलंही असेल. पण महाराष्ट्र, गोवा आणि सीमाभागातल्या बहुतेकांचा या समूहाशी संबंध शेअरमधून येत नाही. तो येतो वीजबिलातून, विमानतळावरच्या शुल्कातून, धारावीतल्या घरातून आणि वास्कोच्या कोळशाच्या धुळीतून. त्या प्रश्नांना सेबीचा आदेश उत्तर देत नाही, आणि ते सेबीचं कामही नव्हे.

व्यापारातून बंदर, बंदरातून वीज

1988 मध्ये गौतम अदानी यांनी निर्यात-व्यापाराची कंपनी सुरू केली. 1998 मध्ये कच्छमधलं मुंद्रा बंदर सुरू झालं आणि व्यवसायाची दिशाच बदलली. आयात कोळसा स्वतःच्या बंदरावर उतरवायचा, स्वतःच्या केंद्रात जाळायचा, वीज स्वतःच्या वाहिन्यांवरून न्यायची आणि शेवटी घराघरांत विकायची, अशी साखळी समूहाने कडी कडी जोडून तयार केली. 2018 मध्ये मुंबई उपनगरांतलं रिलायन्सचं वीजवितरण घेतल्यावर सुमारे 30 लाख ग्राहक मिळाले आणि शेवटची कडीही जोडली गेली. 2021 मध्ये रायगडमधलं दिघी बंदर आलं, 2022 मध्ये अंबुजा आणि एसीसी या सिमेंट कंपन्या आल्या.

ही वाढ केवळ कागदावरची नाही. मुंद्रा आज देशातलं सर्वांत मोठं खासगी बंदर आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचं 3,300 मेगावॉटचं केंद्र महाराष्ट्राला वीज देतं. प्रकल्प वेगाने उभारण्याची समूहाची क्षमता टीकाकारही मान्य करतात.

क्लीन चिट नेमकी कशाला?

सेबीचा आदेश नीट वाचायला हवा. आरोप असा होता की, समूहातल्या कंपन्यांचा पैसा तीन मध्यस्थ कंपन्यांमार्फत समूहातल्याच दुसऱ्या कंपन्यांकडे फिरवला आणि 'संबंधित पक्षांमधला व्यवहार' म्हणून तो जाहीर केला नाही. सेबीने म्हटलं की, त्या वेळच्या नियमांतल्या व्याख्येत असे आडवळणाचे व्यवहार बसत नव्हते. ही व्याख्या नंतर, 2021 च्या दुरुस्तीने रुंदावली. शिवाय कर्जं व्याजासह परत आली होती. म्हणजे नियमभंग झाला नाही, हे खरं. पण नियम तेव्हा तोकडा होता, हेही त्याच आदेशातून दिसतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उघड झालेलं आरोपपत्र हा वेगळा विषय. सौरऊर्जेच्या करारांसाठी भारतातल्या अधिकाऱ्यांना 25 कोटी डॉलरहून अधिक लाच देऊ केल्याचा आणि ते अमेरिकी गुंतवणूकदारांपासून लपवल्याचा आरोप त्यात होता. समूहाने तो निराधार म्हणून फेटाळला. केनियाने मात्र दुसऱ्याच दिवशी विमानतळाचा आणि वीजवाहिन्यांचा प्रस्ताव रद्द केला. यातही वादाच्या मुळाशी होता तो सरकारी वीजखरेदीचा करारच.

ग्राहकाला दुसरं दुकान नाही

साबण महाग झाला तर माणूस दुसरा घेतो. विमानतळ, बंदर, वीजवाहिनी यांचं तसं नसतं. तिथे स्पर्धा होते ती निविदेच्या दिवशी. एकदा करार झाला की पुढची 25, 30 किंवा 50 वर्षं ग्राहक बांधला जातो. म्हणून निविदेच्या अटी कोणी आणि कशा ठरवल्या, याला एवढं महत्त्व.

2019 मध्ये मंगळुरू, अहमदाबाद, जयपूर, लखनौ, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम ही सहा विमानतळं 50 वर्षांसाठी निविदेला निघाली. एकाच बोलीदाराला दोनपेक्षा जास्त विमानतळं देऊ नयेत, असं अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने सुचवलं होतं. ती अट घातली गेली नाही. सहाही ठिकाणी सर्वाधिक बोली अदानींची ठरली. 2021 मध्ये जीव्हीके समूहाकडून मुंबई विमानतळ आलं आणि त्यासोबत नवी मुंबईचंही. मुंबई परिसरातली दोन्ही मोठी विमानतळं आज एकाच हातात आहेत.

धारावीचंही तसंच. 2018 च्या निविदेत सेकलिंक या कंपनीची 7,200 कोटींची बोली सर्वांत मोठी होती. ती निविदा रद्द झाली. अटी बदलून काढलेल्या 2022 च्या निविदेत अदानींची 5,069 कोटींची बोली जिंकली. रेल्वेच्या जमिनीमुळे परिस्थिती बदलली होती, हा सरकारचा युक्तिवाद होता. डिसेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सेकलिंकची याचिका फेटाळली. कायद्याच्या पातळीवर प्रकल्पाला बळ मिळालं. पण अपात्र ठरून धारावीबाहेर जावं लागणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

विजेत जोखीम कोणाची, हे तिरोड्यावरून कळतं. या केंद्रासाठी ठरलेली लोहारा कोळसा खाण ताडोबा व्याघ्र प्रकल्पाजवळ असल्याने मिळाली नाही. वाढलेल्या खर्चाच्या भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2023 मध्ये महावितरणची अपिलं फेटाळली गेली. करारात भरपाईचं कलम असेल तर कंपनीला ती मिळणारच. महावितरण ती शेवटी वसूल करतं ग्राहकाकडूनच.

मुरगावचा कोळसा, लोंढ्याची वाट

सीमाभागाशी या समूहाचा थेट धागा मुरगाव बंदरात आहे. तिथल्या सात क्रमांकाच्या धक्क्यावर अदानींचं कोळसा टर्मिनल आहे. शेजारच्या धक्क्यांवर जेएसडब्ल्यू समूह कोळसा उतरवतो. मुरगावचा कोळसा रेल्वेने कुळे, कॅसलरॉक, लोंढा या मार्गाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरचे लोक दुपदरीकरणाविरोधात रात्री रुळांवर उतरले होते. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. धूळ वास्कोला, रुळाखालचं जंगल मोले-कॅसलरॉकचं, नफा तिसरीकडे. या वाटणीचा हिशेब शेअरच्या भावात दिसत नाही.

बोलायची जागा

संसदेत संयुक्त समितीची मागणी होते, गोंधळ होतो, अधिवेशन संपतं. सामान्य माणसाला बोलता येईल अशा जागा वेगळ्या आहेत, आणि त्या बहुतेक रिकाम्या राहतात. वीजदर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवतो. मोठ्या विमानतळांवरचं शुल्क ठरवताना विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण आधी मसुदा जाहीर करतं. मोठ्या प्रकल्पांआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. 2017 मध्ये मुरगाव बंदराच्या प्रकल्पांवर वास्कोत झालेली सुनावणी लोकांच्या गर्दीमुळे अनेक दिवस चालली होती.

उद्या अदानींच्या जागी दुसरा समूह आला तरी करार तेच राहतील. म्हणून निविदेच्या अटी, भरपाईचं कलम आणि दरवाढीचं सूत्र ही तीन पानं प्रत्येक प्रकल्पात सह्या होण्याआधी लोकांसमोर यायला हवीत. सह्या झाल्यावर उरते ती कोर्टकचेरी, आणि तिचा खर्चही शेवटी बिलातच येतो.