अपमान कोणाचा?

माझ्याकडे आलेल्या एका सुविद्य स्नेह्यांनी टेबलावरचा छायाचित्रांचा ग्रंथ सहज उघडला, चार पाने चाळली आणि मिटून बाजूला सारला. ‘‘फादर, पोटच्या मुलाने मरणाऱ्या बापाची अशी चित्रे काढावीत आणि ती जगापुढे टांगावीत? हा बापाचा अपमान आहे. असला ग्रंथ धर्मगुरूच्या खोलीत शोभत नाही.’’ तेवढ्यात चहा आला, विषय बदलला आणि उत्तर राहून गेले. ते आज देत आहे. कारण हा आक्षेप त्यांच्या एकट्याचा नाही. स्वतःला सुसंस्कृत म्हणवणाऱ्या आपल्या सगळ्या समाजाचा तो आहे.

ती चित्रे अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन (१९२३-२००४) यांची. हे गृहस्थ कोण होते, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. ‘हार्पर्स बझार’ आणि पुढे ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकांसाठी त्यांनी कित्येक वर्षे काम केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारुण्याची जी प्रतिमा जगभर पोहोचली, ती घडवणाऱ्या मोजक्या कलावंतांत त्यांची गणना होते. १९५५ साली पॅरिसच्या एका सर्कशीत हत्तींच्या मधोमध डिओरच्या पोशाखात उभी असलेली त्यांची डोव्हिमा आजही फॅशनच्या छायाचित्रणाचा मानदंड मानली जाते. वडील जेकब इस्राएल ॲव्हेडन हेही त्याच दुनियेच्या उंबरठ्यावरचे. रशियात जन्मलेल्या या ज्यू गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर स्त्रियांच्या कपड्यांचे दुकान उभारले होते.

या वडिलांना कर्करोगाने गाठले. १९६९ ते १९७३ या काळात मुलाने त्यांची छायाचित्रे घेतली. मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी आणि तिच्यापुढे तो चेहरा. कुठे कोट-टाय घातलेले वृद्ध गृहस्थ दिसतात, तर १९७३ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील सारासोटा येथे काढलेल्या चित्रात त्यांच्या अंगावर इस्पितळाचा झगा आहे. त्याच वर्षी ते वारले. पुढील वर्षी, १९७४ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती मालिका प्रदर्शित केली आणि माझ्या स्नेह्यांनी घेतला तोच आक्षेप तेव्हाही अनेकांनी घेतला.

हा आक्षेप नीट तपासून पाहावा. तेच वडील तिशीत असताना, ऐटीत उभे असलेले कोणी टिपले असते, तर त्याला अपमान कोणी म्हटले असते काय? म्हणजे अपमान छायाचित्राने होत नाही. वार्धक्य हीच नामुष्की आहे, सुरकुतलेला गाल आणि खोल गेलेले डोळे ही झाकून ठेवण्याची बाब आहे, असे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. कॅमेऱ्याने फक्त आपला तो निवाडा आपल्यासमोर उघडा केला. वृद्धाचा अपमान कोणी केला असेल, तर तो त्याचा चेहरा पाहून मान फिरवणाऱ्याने केला.

आणि हे चित्र काढणाऱ्याला चेहरा सुंदर कसा करावा हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? प्रकाश कोठून पाडला की सुरकुती विरते, हे त्यांच्याइतके जाणणारे फार थोडे असतील. ती सारी विद्या हाताशी असताना बापाच्या बाबतीत त्यांनी ती वापरली नाही. ज्या पांढऱ्या पडद्यापुढे त्यांनी नामवंतांना उभे केले, तोच पडदा वडिलांच्याही मागे धरला; त्यांच्यासाठी वेगळा, दयेचा पडदा शोधला नाही. यात मला आदर दिसतो.

मात्र आक्षेपात तथ्याचा जो अंश आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मृत्यूचा विषय हाती घेतला म्हणून प्रत्येक छायाचित्र पवित्र होत नाही. अँड्रेस सेरानो यांनी १९९२ मध्ये शवागारातील मृतदेहांची मोठी रंगीत छायाचित्रे घेतली. त्यांच्या शीर्षकांत मृताचे नाव नसते, मृत्यूचे कारण असते. रंगसंगती देखणी आहे. पण ज्याची अनुमती विचारण्याची वेळ निघून गेली, त्याच्या देहावर ती बेतली आहे. याउलट जर्मन छायाचित्रकार वॉल्टर शेल्स आणि पत्रकार बेआटे लाकोट्टा यांनी मरणासन्नांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांत दीर्घकाळ जाऊन रुग्णांशी ओळख केली, त्यांचे बोलणे टिपून घेतले आणि त्यांच्या संमतीने प्रत्येकाची दोन चित्रे काढली, एक मृत्यूपूर्वीचे व एक मृत्यूनंतरचे. ही मालिका २००८ मध्ये लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्येही मांडली गेली. तिथे प्रत्येक चेहऱ्याला नाव आहे, त्याचे भय आहे, त्याची आशा आहे. दोहोंतील फरक कलेच्या दर्जाचा नाही, सोबतीचा आहे. चित्र काढणारा त्या माणसाजवळ बसला होता की नाही, हीच माझ्या मते अशा चित्रांची खरी कसोटी.

ही कसोटी ॲव्हेडन यांनाही लावावी लागते. १९९५ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’साठी त्यांनी एक कल्पित कथा छायाचित्रांतून रचली. तिच्यात नाद्या आउअरमान ही तरुण मॉडेल उंची वस्त्रे लेवून वावरते आणि तिचा जोडीदार असतो तितकाच नटलेला एक हाडांचा सापळा. फॅशनच्या धंद्यावरचा हा उपहास झणझणीत आहे. युरोपच्या ख्रिस्ती कलेलाही तो सापळा परका नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मसाच्चोने सुमारे १४२७ मध्ये रंगवलेल्या पवित्र त्रैक्याच्या पायथ्याशी तो आडवा पडलेला आहे. तरीही ॲव्हेडन यांच्या दोन कामांत निवड करायची झाली, तर मी वडिलांच्या मालिकेच्या बाजूने उभा राहीन. सापळा कोणाचाच बाप नसतो. त्याच्याकडे पाहून मनुष्य मृत्यूविषयी विचार करतो आणि पान उलटतो. जेकब ॲव्हेडन यांच्या डोळ्यांपुढून पान उलटताना मात्र हात अडखळतो.

तारुण्याच्या या व्यापाराने दरम्यान किती मजल मारली, ते पाहा. कपाळावरच्या आठ्या सुईने सपाट करण्यासाठी बोटॉक्स वापरण्यास अमेरिकेत २००२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. २०१९ मध्ये आपला चेहरा क्षणात म्हातारा करून दाखवणाऱ्या एका मोबाइल ॲपचे वेड जगभर पसरले. लोक एकमेकांना ती चित्रे पाठवून हसले. आजोबांच्या अंगावर जे प्रत्यक्ष ओझे आहे, ते नातवंडांच्या हातात घटकाभराचे सोंग झाले.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. धर्मग्रामात मृत्यूची वार्ता घेऊन येणारे आप्त फलकासाठी फोटो निवडतात, तेव्हा ऐंशीव्या वर्षी गेलेल्या आईचा पंचेचाळिशीतला फोटो पुढे येतो. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही; प्रेमालाही आपली आवड असते. मला चिंता वाटते ती त्याआधीच्या महिन्यांची. ‘‘बाबांना असे कोणी पाहायला नको, लोकांच्या मनात ते पूर्वीसारखेच राहू देत,’’ असे सांगून आतल्या खोलीचे दार ओढून घेणारी घरे मला ठाऊक आहेत. हेतू चांगला असतो, पण त्या दाराच्या आड एक माणूस एकटा पडतो. चेहरा लपवता लपवता आपण माणूसच लपवतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेण्यासाठी रांगेत उभे राहणारेही आपणच असतो!

हा दोष मी दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळा होऊ शकत नाही. माझे वडील शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हा त्यांना रुग्णाभ्यंगनाचा संस्कार मीच दिला. सगळी प्रार्थना शब्दशः आणि स्वच्छ उच्चारांत म्हटली. दृष्टी मात्र पूर्ण वेळ पुस्तकावर ठेवली, वास्तविक ती प्रार्थना मला तोंडपाठ होती. त्यांचा त्या दिवशीचा चेहरा आज मला आठवत नाही. माझ्या भिंतीवर आहे तो त्यांचा चाळिशीतला फोटो. काळ्याभोर मिशा, ताठ मान. तो पाहताना जे हरवले ते अधिकच जाणवते.

म्हणूनच तो ग्रंथ माझ्या टेबलावर आहे आणि राहील. माझ्या स्नेह्यांना एवढेच सुचवतो की पुन्हा याल तेव्हा तो मिटू नका. एका पानापाशी थोडे थांबा. आणि तुमच्या मातोश्री हल्ली अंथरुणावर असतात, असे ऐकतो. त्यांच्या खोलीतला दिवा लावा, खुर्ची जवळ ओढा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहा. छायाचित्र काढले नाही तरी चालेल.