भूत कोण, हे ठरवणारे तुम्ही कोण?

किशोरवयीन मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी भयकथांमध्ये समलिंगी आणि ट्रान्स मुले नायक होऊ लागली, तशी अमेरिकेतल्या धर्ममार्तंडांची झोप उडाली. 'मुले बिघडतील' ही त्यांची ओरड आपल्याकडचे संस्कृतिरक्षकही ठोकत असतात. दुःख याचे आहे की, आपल्या चळवळीतले काही कार्यकर्तेही त्यावर मान डोलावतात. म्हणे, 'ही पाश्चात्त्य थेरं, आपला काय संबंध?' संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

भयकथेचे राजकारण आधी समजून घ्या. व्यवस्थेच्या चौकटीत जो बसत नाही त्याचे भूत केले जाते. आपलीच भुते बघा. मुंज झाली पण लग्नाआधी मेला, तो मुंजा. बाळंतपणात मेली, ती हडळ. लग्न आणि वंश यांचा हिशेब ज्यांनी पुरा केला नाही, त्यांना मेल्यावरही सुटका नाही! युरोपात वेगळे काय होते? शेरिडन ल फानूच्या १८७२ च्या 'कार्मिला'मध्ये मुलीवर जीव टाकणारी मुलगी रक्तपिपासू ठरते आणि शेवटी पुरुषमंडळी तिच्या छातीत खुंटी ठोकून तिचे डोके उडवतात.

आजचे लेखक हा डाव उलटवत आहेत. एडन थॉमस या ट्रान्स लेखकाची 'सिमेटरी बॉईज' ही कादंबरी २०२० ची. तिचा नायक याद्रिएल लॉस एंजेलिसमधल्या एका लॅटिनो समाजातला. तिथे पुरुष मृतांच्या आत्म्यांना मुक्त करतात, स्त्रिया आजार बरे करतात. याद्रिएल ट्रान्स मुलगा आहे. समाज त्याला मुलगीच समजतो, म्हणून मुलांचा वयात येण्याचा विधी त्याला नाकारला जातो. शेवटी तो आपल्या नात्यातल्या बहिणीला सोबत घेऊन विधी स्वतःच उरकतो आणि मृत्युदेवता त्याला स्वीकारते. म्हणजे हरकत देवीची नव्हतीच, दारावर बसलेल्यांची होती! १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

पण माझा या कादंबरीशी वादही आहे. शेवटी तोच समाज त्याला आत घेतो आणि गोष्ट गोड होते. दार उघडले, पण दारवान कोणी नेमले, हा प्रश्न तसाच राहिला. बाबासाहेब त्या दारापाशी थांबून राहिले नाहीत. १९३५ ला येवल्यात त्यांनी घोषणा केली आणि १९५६ ला ते ती चौकटच सोडून बाहेर पडले.

म्हणून मला अँड्र्यू जोसेफ व्हाइट यांची 'हेल फॉलोड विथ अस' (२०२२) जास्त प्रामाणिक वाटते. एक धर्मांध पंथ रोग पसरवून जग संपवायला निघाला आहे. त्याच पंथात वाढलेल्या सोळा वर्षांच्या बेंजी या ट्रान्स मुलाच्या शरीरात त्यांनी एक जैविक अस्त्र घातले आहे. त्याचे शरीर सडत, बदलत राक्षसाचे होत जाते. बेंजी पळतो, आपल्यासारख्या मुलांमध्ये आसरा घेतो आणि पंथाला परत आत घ्या म्हणून विनवत नाही. त्याच्या संतापाचा मार्ग हिंसेचा आहे, आपला धम्माचा आहे. हा फरक मोठा आहे आणि तो मी लपवत नाही. पण राक्षस कोण, याचे उत्तर तो अचूक देतो. ज्याचे शरीर बदलले तो राक्षस नव्हे. शुद्धतेच्या नावाखाली माणसे मारणारे राक्षस आहेत.

आता बंदीची यादी बघा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २०२२ च्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांत पहिले माया कोबाबे यांचे 'जेंडर क्वीअर' आणि तिसरे टोनी मॉरिसन यांचे 'द ब्लूएस्ट आय'. या दोन्हींच्या मध्ये दुसरे, जॉर्ज एम. जॉन्सन या कृष्णवर्णीय क्वीअर लेखकाचे आत्मकथन. वर्णाचा प्रश्न आणि लैंगिकतेचा प्रश्न वेगळे आहेत, असे आपण म्हणत बसतो. पुस्तके हटवू पाहणाऱ्यांना मात्र दोन्ही एकाच वेळी खुपतात.

'अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती सोडून हे कशाला?' असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध उघडावा. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे त्यांनी तेव्हाच मांडले. कोणी कोणावर प्रेम करायचे यावरचा पहारा हाच जातीचा कणा आहे. तो पहारा आंतरजातीय जोडप्यावर जसा पडतो, तसाच समलिंगी पोरावरही पडतो. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली हा गुन्हा! कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. निकाल विरुद्ध गेला. पण उभे कोणाच्या बाजूने राहायचे, हे त्यांनी दाखवून दिले.

२०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास सैल केला. घरातला फास अजून तसाच आहे. आपल्या वस्तीतल्या, आपल्या वसतिगृहातल्या पोराला रात्री एकटे असताना 'मीच भूत आहे का?' असा प्रश्न पडत असेल, तर त्याच्या हाती गोष्ट कोणाची पडणार? मुंजा-हडळीचीच? विहारातल्या आणि वस्तीतल्या वाचनालयांत ही पुस्तके ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या पोरापोरींना त्यांची गोष्ट मराठीत लिहू द्या. दलित साहित्याने एकदा 'माणूस कोण?' हा प्रश्न विचारून प्रस्थापितांना हादरवले होते. तोच प्रश्न आज आपल्याच घरातले मूल आपल्याला विचारत आहे. त्याला दाराबाहेर ठेवणार असाल, तर मनूचे दुसरे नाव सांगा.

जय भीम!