दारू तोडली अन् तिसऱ्या दिवशी ‘बाहेरचं’ झालं? भगताकडे नको, दवाखान्यात न्या

श्रावण लागला की दारू दुकानासमोरची गर्दी जरा ओसरते. कुणी महिना पाळतो, कुणी पंढरपूरहून माळ घालूनच येतो. घरच्यांना बरं वाटतं, वाटणारच. पण सकाळी उठल्याउठल्या घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातांचा थरकाप थांबत नाही, अशा माणसाने एकदम दारू बंद केली तर पुढचे चार दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. हे घरात कुणी सांगितलेलंच नसतं.

होतं असं. पहिल्या दिवशी घाम, मळमळ, हात थरथरणं, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण असंबद्ध बडबडायला लागतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, बायको-पोरं ओळखू येत नाहीत. मग गावात म्हणतात, बाहेरचं लागलं. अंगारा, लिंबू, भगत सुरू होतं आणि यातच दोन दिवस जातात.

डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षांच्या दाबाची सवय झालेला मेंदू त्याविरुद्ध जास्त जोर लावून चालत असतो. दारू एकदम काढली की दाब गेला, जोर मात्र तसाच राहिला. लोड काढल्यावर मोटर सुसाट पळावी, तसं. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. दवाखान्यात मात्र ठरावीक गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन बहुतेक जण सावरतात. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी आणणं हा इलाज नव्हे. बी-1 न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

आता यात सरकारच्या निर्णयाचा संबंध येतो. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला 148, तर भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205 रुपये ठरली. वर्षाला 14 हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. भाव वाढला की एकूण पिणं थोडं घटतं, हे जगभर दिसलंय. पण ज्याला रोज लागतेच, तो काय करणार? किराण्याला कात्री लावेल, हातभट्टीकडे वळेल, नाहीतर पैसे संपले म्हणून दोन दिवस कोरडा राहील आणि वर सांगितलेल्या अवस्थेत जाईल. महसुलाचा हिशेब झाला. या माणसासाठी तालुक्याच्या दवाखान्यात खाट, गोळ्या, समुपदेशक आहेत का, हा हिशेब कुणी मांडायचा? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मनाचा भागही सुटतो. कर्ज, नापिकी, उडालेली झोप यासाठी पहिला पेला घेतला जातो. पण दारूने गुंगी येते, नीट झोप नाही. सकाळी उदासी वाढलेली असते. बायकोवर विनाकारण संशय हाही अनेकदा आजाराचा भाग असतो. त्यासाठी मारहाण सहन करा असं कुणी म्हणत नाही, पण उपचार लागतात. दारू सुटून काही आठवडे झाले तरी उदासी किंवा संशय जात नसेल तर त्याचे वेगळे औषध आहे. मरणाची भाषा कुणी केली तर ‘पिऊन बोलतोय’ म्हणून सोडू नका.

आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या त्या जाहिराती, ‘न सांगता दारू सोडवा’! डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर उलट्या, धडधड होते, रक्तदाब घसरतो. त्याला माहीत असेल तर तो प्यायचं टाळतो. चहातून गुपचूप दिलं तर जिवाशी खेळ आहे. पुडीत काय आहे, हे तर विकणाराही सांगत नाही.

मदत हवी असेल तर टेलिमानसचा 14416 क्रमांक रात्रंदिवस, मोफत आहे. मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आधी बघा. फिट, ताप किंवा बडबड सुरू झाली असेल तर मात्र फोनवर थांबू नका, 108 ची गाडी बोलवा. डॉक्टरांना तीन गोष्टी न लाजता सांगा: रोज किती प्यायचा, किती वर्षांपासून, आणि शेवटचा घोट कधी घेतला.