पाणी न पिण्याची शिस्त



गेल्या जानेवारीत मी मुंबईची मॅरेथॉन धावले. पुरे ४२.१९५ किलोमीटर! सराव पुण्यातला, पर्वतीच्या पायऱ्यांवर आणि लॉ कॉलेज रस्त्यावर. तोही पहाटे कणीक मळून ठेवून. 'एवढा वेळ कामाला दिला असतास तर?' असं आमच्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देते आहे.

सीएसएमटीहून अंधारात निघालो. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, सागरी सेतू, वांद्रे, माहीम आणि परत. जाताना वारा गार होता. परतताना ऊन चढलं. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवतं. समुद्राकाठची हवा आधीच दमट. घाम नुसता ओघळतो, अंग तापतच जातं. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ आहे. तिथं भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले.

वाटेत जागोजाग पाणी होतं. मी ते घेत होते आणि चूळ भरून टाकत होते! आदल्या दुपारपासून जेमतेम दोन पेले पाणी पोटात गेलं होतं. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांच्या कामात अंगवळणी पडलेली गोष्ट: एस.टी. स्टँड, कोर्टाचं आवार, वस्ती, कुठंही जायचं असलं की निघण्याआधी पाणी नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता, पण आम्ही सगळ्याजणी त्यात पहिल्या वर्गात पास!

फुटपाथच्या कडेला बसले. रस्त्यावरच्या बाटल्या गोळा करणाऱ्या एक सफाई कामगार बाई जवळ आल्या. "ताई, मिठाचं पाणी घ्या. नुसतं नका पिऊ." अगदी बरोबर होतं ते. घामातून मीठही जातं. वर नुसतंच पाणी ढोसलं तर तेही घातक ठरतं. मी विचारलं, "तुम्ही प्यायलात का?" त्या हसल्या. "ड्यूटी सुटल्यावर. इथं प्यायलं तर जायचं कुठं?" हातात अर्ध्या भरलेल्या बाटल्यांनी फुगलेलं पोतं होतं.

बायकांना मॅरेथॉन झेपणार नाही असं इतकी वर्षं ठामपणे सांगितलं गेलं, की ऑलिंपिकमध्ये ती आली थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. तिथं स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हानं झोकांड्या खात शेवटची फेरी पुरी करताना जगानं पाहिल्या. २०१६ साली रिओत, अशाच समुद्राकाठच्या शहरात, आपल्या ओ. पी. जैशा शर्यत संपवून कोसळल्या. वाटेत भारतीय संघाकडून आपल्यासाठी पाण्याची सोय नव्हती, असं त्या म्हणाल्या. महासंघानं ते नाकारलं. त्याच शर्यतीत नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतही धावल्या होत्या. खरं-खोटं काही असो, बाईच्या शरीराची चर्चा लगेच होते. पाणी कुणी आणि कुठं ठेवलं होतं, हे मात्र तिला स्वतःलाच ओरडून सांगावं लागतं.

आणि ठेवलेलं पाणी पिता येण्यासाठी दुसरीही एक सोय लागते. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'नं त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं ही महापालिकांची जबाबदारी आहे, असं न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये बजावलं. मी धावले सहा तास, तेही हौसेनं. भाजीवाली, बांधकामावरची मजूर, चौकातली महिला पोलीस रोज आठ-दहा तास उन्हात असतात. जळजळ, मूतखडा, चक्कर ही दुखणी त्या आमच्याकडे 'अंगावर काढलेली' म्हणून घेऊन येतात. त्यांना किती वर्षं मी फक्त 'पाणी भरपूर प्या' असं सांगत आले!

आमच्या गटानं ठरवलंय: मार्च ते मे, दर रविवारी पुण्यातला एकेक रस्ता चालायचा आणि स्वच्छतागृहं नोंदवायची. उघडं आहे का, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, बायकांकडून पैसे घेतात का. तुमच्या गावातलं तुम्ही नोंदवून पाठवा, पुढच्या अंकात छापू. सुरुवात स्वारगेटपासून, सकाळी सात वाजता. पाणी पिऊन या.