नाल घेणारा कधी हरत नाही

जुगाराला सहल म्हटले की तो जुगार उरत नाही, असा एक शोध गेल्या पंचवीस-तीस वर्षांत राज्यकर्त्यांना आणि सुखवस्तू मध्यमवर्गाला लागलेला आहे. पुण्यामुंबईच्या कचेरीत काम करणारा एखादा तरुण पगारदार शुक्रवारी संध्याकाळी गोव्याची वाट धरतो. समुद्र पाहणे हा त्याचा हेतू नसतो आणि मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन घेणे हाही नसतो. पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ तो मोबाइलवर शिकला आहे, मित्रमंडळींत चार डाव जिंकला आहे, आणि आता मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजावर खऱ्या टेबलाशी बसून आपले कौशल्य अजमावण्यास तो निघाला आहे. आयुष्यातील ही त्याची पहिली जुगारी सुट्टी. खर्चाचा आकडाही त्याने ठरवून ठेवला आहे. वीस हजार, हरलेच तर तेवढेच.

या तरुणाला व्यसनी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते काम कीर्तनकारांनी शतकानुशतके केले, आणि जुगार थांबला नाही. युधिष्ठिराला दोष देऊन द्यूतसभा कोणी बांधली हा प्रश्न सुटत नाही. हस्तिनापुरात ती सभा धृतराष्ट्राच्या आज्ञेने बांधली गेली होती, हे व्यासांनी लपवून ठेवलेले नाही. समाजवाद्यांनी विचारायचा प्रश्न तोच आहे: सभा कोणाची, आणि तिच्यात फिरणारा पैसा शेवटी कोणाच्या पदरात पडतो?

पोकरच्या हौशी खेळाडूस स्वतःविषयी एक अभिमान असतो, व तो सर्वस्वी निराधार नाही. शेजारच्या दालनात चक्रावर गोळी फिरविणाऱ्यांकडे तो दयेने पाहतो. त्या चक्रावर सदतीस घरे असतात. योग्य घर लागले तर अड्डेवाला एकास पस्तीस देतो आणि राहिलेल्या फरकावर आपले दुकान चालवितो. तेथे अक्कल चालवून काही उपयोग नाही. पोकरमध्ये अड्डेवाला डावात नसतोच. खेळाडू खेळाडूंशी खेळतात. दोन एक्के हाती येण्याची पाळी सरासरीने २२१ डावांत एकदा येते. उरलेल्या २२० डावांत पाने केव्हा टाकावी, बोली केव्हा वाढवावी, समोरच्याच्या चेहऱ्यावरून काय ओळखावे, याला अभ्यास लागतो. दीर्घकाळ खेळल्यास जाणकार अडाण्यावर मात करतो, हेही मान्य करावयास हरकत नाही.

पण जो डावात नसतो तो हरतही नाही, या साध्या गोष्टीकडे कौशल्याच्या अभिमानामुळे दुर्लक्ष होते. खेड्यापाड्यांतल्या पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. त्याला नाल म्हणतात. गालिचे अंथरलेल्या जहाजावर त्याला इंग्रजी नाव आहे, एवढाच फरक. हिशेब मांडून पाहावा. समजा, एका टेबलाशी नऊ जण प्रत्येकी वीस हजार घेऊन बसले. टेबलावर एकूण आले एक लाख ऐंशी हजार. डावात सरासरी चार हजार जमतात व त्यातून पाच टक्के, म्हणजे दोनशे रुपये, नाल निघते असे धरू. तासाला तीस डाव झाले तर सहा हजार रुपये टेबलावरून नाहीसे होतात. दहा तासांत साठ हजार. पहाटे ते नऊ जण उठतात तेव्हा आणलेल्या पैशांपैकी एक तृतीयांश कोणीही जिंकलेला नसतो. नऊपैकी तिघांची संपूर्ण पुंजी अशा मनुष्याकडे गेलेली असते, ज्याने रात्रभर एकही पान हातात धरले नाही. उरलेल्या रकमेसाठी नऊ जण एकमेकांचे खिसे कापतात आणि त्यालाच कौशल्य म्हणतात.

यात नवे काहीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, म्हणजे लक्ष ठेवता येईल, हे एक कारण. आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करावे, फाशांचे व जागेचे भाडे घ्यावे, हे दुसरे. राजाला खेळाडूचे कौशल्य नको होते, फक्त त्याचे बसणे हवे होते. आजच्या राजाने कौटिल्यालाही मागे टाकले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चकत्या घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि त्यातून हरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही. म्हणजे टेबलाशी नऊ खेळाडू दिसत असले तरी न दिसणारे दोघे आणखी बसलेले असतात: एक अड्डेवाला, दुसरे सरकार. दोघांनाही पाने लागत नाहीत.

मग हा तरुण तेथे जातो कशासाठी? कारण त्याला एक गोष्ट सतत ऐकविली जाते. २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत क्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस शिरला. दहा हजार डॉलर्सचे प्रवेशशुल्क त्याने भरले नव्हते. संगणकावर ८६ डॉलर्सची प्राथमिक फेरी जिंकून तो आला होता. त्याने पंचवीस लाख डॉलर्स जिंकले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. तीनच वर्षांत, २००६ मध्ये, त्यांची संख्या ८,७७३ झाली. कारकुनाचा कोट्यधीश झाला ही गोष्ट जगभर सांगितली गेली. परंतु ते पैसे इतर शेकडो कारकुनांच्या व हौशी खेळाडूंच्या खिशांतूनच आले होते, हे कोणी सांगितले नाही. भांडवलशाहीचे सारे पुराण या एका कथेत आहे. एकाचा पुतळा उभारावयाचा, आणि त्याच्या उंचीसाठी जे खाली दबले त्यांना कौशल्य कमी पडले असे म्हणावयाचे. हरणारा व्यवस्थेवर चिडत नाही. तो स्वतःवर चिडतो आणि पुढच्या सुट्टीची तजवीज करतो.

कौशल्याचा हा मंत्र न्यायालयातही जपला जातो. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळास सूट दिली होती. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, आणि तेव्हापासून प्रत्येक अड्डेवाल्याचा वकील तो निकाल फडकवीत आला आहे. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून घरमालक किंवा क्लब नफा मिळवीत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हे वाक्य मात्र कोणी फडकवीत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरविले. वादाचा खरा मुद्दा खेळाडूला डोके लागते की नाही हा नाही. त्याच्या डोक्यावर दुसरा कोणी पोट भरतो की नाही, हा आहे.

कायद्याची ही कथा १९७६ या एका वर्षात विलक्षण रीतीने एकवटली आहे. आणीबाणीच्या त्या काळात महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी गोवा, दमण व दीवसाठी सार्वजनिक जुगार रोखणारा कायदा झाला. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याचा बंदीचा कायदा मात्र आतून पोखरला गेला. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना सूट मिळाली. १९९६ मध्ये किनाऱ्यापासून दूर असलेल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ चालविण्याची सोय झाली. ते 'दूर' म्हणजे पणजीच्या धक्क्यावरून दिवे मोजता येतील एवढे दूर! कायद्यात समुद्र आणि प्रत्यक्षात नदी, असा हा चमत्कार आहे. विरोधी बाकांवर बसून जहाजे हटविण्याच्या घोषणा झाल्या. सत्तेवर आल्यावर मुदतवाढीच्या आदेशांवर सह्या झाल्या.

त्याच कालखंडात मुंबईच्या गिरणगावात मटका चालत होता. आरंभी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर पैसे लावले जात. ज्या कापसाचे सूत गिरणी कामगार पाळीपाळीने काढीत होता, त्याच्याच परदेशी भावावर तो संध्याकाळी चार-आठ आणे लावीत होता. मटक्याने कामगारांची घरे धुऊन नेली, यात शंका नाही. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या आकडा लावणाऱ्याला पोलिसाची काठी होती आणि पंचतारांकित हॉटेलातल्या पाहुण्याला कायद्याची दुरुस्ती मिळाली. चाळीच्या जिन्याखाली जो गुन्हा ठरतो, तोच झुंबराखाली पर्यटन कसा होतो, याचे उत्तर जुगाराच्या शास्त्रात मिळणार नाही. ते वर्गाच्या शास्त्रातच शोधावे लागेल.

रोजगाराचा युक्तिवाद आता ठरलेला आहे. जहाजांवर शेकडो जणांना काम मिळते, ती हटविली तर त्यांनी खायचे काय? हा प्रश्न विचारणारे सज्जन गिरण्या बंद पडल्या तेव्हा कोठे होते, हे विचारण्यासारखे आहे. तरीही प्रश्न खरा आहे व तो टाळू नये. रात्रभर उभे राहून पाने वाटणारा, पेले भरणारा, पहाटे टेबले पुसणारा कामगार हा अड्ड्याचा भागीदार नाही. त्याची रात्रपाळी, त्याची नोकरीची शाश्वती, त्याची संघटना हे पक्षाच्या व कामगार चळवळीच्या विषयपत्रिकेवर आलेच पाहिजेत. मात्र गोवा सरकारनेच या धंद्याविषयी जी साक्ष दिली आहे तीही वाचावी. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास जाण्याची बंदी लागू करण्यात आली. तेथील रहिवाशास जहाजावर चाकरी करता येते, खेळता येत नाही. जो पदार्थ स्वयंपाकी आपल्या मुलांच्या ताटात वाढू धजत नाही, तो पाहुण्यांना वाढणे याला आतिथ्य म्हणत नाहीत.

या साऱ्यावर कळस चढविला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, दोन्ही त्यात आले. तरुणांची कुटुंबे उद्ध्वस्त होत आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले, व ते असत्य नव्हते. वर्षानुवर्षे क्रिकेटपटूंच्या आणि नटांच्या तोंडून जाहिराती करवून घेऊन एक पिढी या खेळांना लावल्यानंतर आलेले हे शहाणपण आहे, हे सोडून देऊ. पण मग एक साधा प्रश्न उरतो. फोनवर खेळलेले पोकर जर घर बुडविते, तर मांडवीवर खेळलेले तेच पोकर काय तारते? पाने तीच, डाव तोच, नाल तीच. फरक इतकाच की फोनवरचा अड्डा मिटला आणि तेथे शिकून तयार झालेला गिऱ्हाईक तिकीट काढून जहाजाकडे निघाला. तरुणाच्या त्या पहिल्या सुट्टीला मोबाइलच्या शाळेची आणि राज्याच्या परवान्याची अशी दुहेरी पार्श्वभूमी आहे. ती केवळ त्याची हौस नव्हे.

काही कार्यकर्ते म्हणतील की शेतमजुरांचे किमान वेतन, कंत्राटी कामगारांचे हाल, शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना सुखवस्तूंच्या चैनीचा विचार कशाला? त्यांनी थोडे बारकाईने पाहावे. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार वायदे बाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झाला. तेही स्वतःला अभ्यासू म्हणवून घेत होते, आणि तेथेही दलालीची नाल प्रत्येक सौद्यातून निघतच होती. ज्या पगारदार तरुणाची पगारवाढ मालकाच्या मर्जीवर, नोकरी तीन महिन्यांच्या नोटिशीवर आणि घर वीस वर्षांच्या कर्जावर टांगलेले आहे, त्याला संघटनेच्या बळावर काही बदलेल हा विश्वास कोणी दिलेला नाही. म्हणून तो एकट्याच्या डोक्याने सुटका शोधतो. कॅसिनो त्याला तीच सुटका विकतो. शेजारी बसलेला मनुष्य सहकारी नसून भक्ष्य आहे, हा धडा तो तेथे रात्रभर गिरवितो आणि सोमवारी कचेरीत घेऊन येतो. जेथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या खिशाकडे पाहतो, तेथे मालकाच्या खिशाकडे पाहण्यास कोणी उरत नाही. चळवळीचे खरे नुकसान हे आहे, आणि ते वीस हजारांपेक्षा मोठे आहे.

म्हणून पक्षाच्या मागण्या नीतिपाठाच्या नव्हे तर हिशेबाच्या भाषेत असाव्यात. जे फोनवर निषिद्ध तेच नदीवर निषिद्ध. मांडवीतील परवान्यांना यापुढे मुदतवाढ नको, आणि ते संपण्यापूर्वी तेथील प्रत्येक कामगाराच्या पर्यायी कामाची जबाबदारी ज्या सरकारने आजवर महसूल घेतला त्या सरकारची. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा नव्या नावाने परत आणण्याचा प्रयत्न झाल्यास त्याला विधिमंडळात आणि रस्त्यावर विरोध. कर्जात सापडलेल्या खेळाडूकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, नाडला गेलेला मनुष्य म्हणून पाहणारी मदतकेंद्रे.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम याहून साधे आहे. गोव्याला निघालेल्या त्या तरुणाला अडवून उपदेश करू नये. तो ऐकणार नाही. त्याला कागद-पेन्सिल द्यावी आणि नऊ जणांच्या टेबलाचा हिशेब त्याच्याच हाताने मांडावयास सांगावे. तो हिशेबात हुशार आहे, म्हणूनच तर पोकरकडे वळला. साठ हजार कोठे गेले, हा प्रश्न त्याने एकदा टेबलाशी विचारला की, आपल्या कचेरीतही तोच प्रश्न विचारण्यावाचून त्याला राहवणार नाही.