मुखवटा बदलून भागणार नाही

इंद्रजाल कॉमिक्स बंद पडून आता तीन तपे उलटली. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसंस्थेने सुरू केलेली ही चित्रकथांची मालिका १९९० साली थांबली, तोवर तिचे आठशेवर अंक निघाले होते. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. पुढे जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर हा अस्सल देशी नायकही आला. परंतु वाचकांच्या मनातील गादी वेताळाचीच राहिली. त्या काळी शाळेत असलेली मुले आज साठीच्या घरात आहेत. जुने अंक जपणारी ही मंडळी एकत्र आली, की एका विषयावर हटकून वाद रंगतो: वेताळ आजच्या काळात नव्याने आणायचा झाला, तर तो कसा असावा आणि त्याच्या भोवतीची पात्रे कशी असावीत?

समाजवादी कार्यकर्त्याला हा वाद रिकामटेकड्यांचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. तसे मानणे चुकीचे ठरेल. डॉ. राममनोहर लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव या तिघांवर निबंध लिहिला, तो काही देवभक्तीपोटी नव्हे. समाज आपल्या स्वप्नातील पुरुष कसे घडवतो, यावरून तो समाज स्वतःकडे कसा पाहतो हे कळते, ही त्यामागची दृष्टी होती. ज्या चित्रकथेने एका संपूर्ण पिढीला जंगल म्हणजे काय आणि जंगलातील माणूस म्हणजे कोण हे शिकवले, तिची चिकित्सा म्हणूनच आवश्यक आहे. आणि ती चिमूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तोंड करून केली पाहिजे. कारण तेथे जंगल चित्रातले नाही.

प्रथम मूळ कथा पाहू. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून ही मालिका सुरू केली. कथेप्रमाणे १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेला एकमेव गोरा तरुण किनाऱ्याला लागला. बांडार या ठेंगण्या वनवासी जमातीने त्याला उचलून नेले, जगवले. ही जमात वसाका नावाच्या दुसऱ्या जमातीची गुलाम होती. वसाका ज्या दैवताला भीत, त्याच्यासारखा वेष धारण करून या तरुणाने बांडारांचे बंड उभे केले आणि त्यांना मुक्त केले. त्यानंतर बापामागून मुलगा असा तोच मुखवटा एकवीस पिढ्या चालत आला. जंगलाला वाटते की हा एकच पुरुष असून तो अमर आहे. त्याचे कवटीचे सिंहासन आहे, खजिन्याच्या गुहा आहेत आणि प्रत्येक पिढीच्या पराक्रमाची बखर लिहून ठेवलेले ग्रंथालय आहे.

वेताळाला नवे रूप देण्याची कल्पना काही आजची नाही. पहिले रूपांतर भारतीय आवृत्तीनेच केले. मूळ कथेतील 'बेंगाली' हा देश आपल्याकडे 'डेंकाली' झाला. सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाच्या मारेकऱ्याचे नाव मुळात राम होते, त्याचे 'रामालू' करण्यात आले. आपल्या लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून संपादकांनी तीन नावे बदलली. सिंहासन मात्र जागच्या जागी राहिले. खुद्द फॉक यांनीही काळाची पावले ओळखून बदल केले. आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, त्या सुमारास डेंकालीला लुआगा नावाचा, पेशाने डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय, निवडून आलेला अध्यक्ष मिळाला. डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली आणि १९७७ साली वेताळाचे तिच्याशी लग्न झाले. मँड्रेकच्या कथांतील लोथार हा तर जमातींचा राजपुत्र. तो राज्य सोडून जादूगाराचा सेवक झालेला आणि मोडकीतोडकी भाषा बोलणारा. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आले, तेव्हापासून तो नीट कपडे घालून नीट बोलू लागला. नायकाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाषा मिळायला तीस वर्षे लागली.

आजच्या चाहत्यांच्या सूचना याच वाटेने पुढे जातात. कोणी म्हणते, वेताळ गोरा नसावा. कोणी म्हणते, बाविसावा वेताळ मुलगा नसून मुलगी हेलॉइस असावी. गुरान हा वेताळाचा बालमित्र आणि बांडारांचा प्रमुख. त्याला गवताची टोपी घालून पाठीशी उभे करण्याऐवजी वनौषधींचा जाणकार म्हणून पुढे आणावे. गस्ती पथकाला आपला सेनापती कोण हेच ठाऊक नसते, हे आजच्या काळात शोभत नाही. म्हणून त्याची रचना बदलावी. या साऱ्या सूचना चांगल्या मनाने केलेल्या आहेत. त्यांत ममत्व आहे आणि न्यायबुद्धीही आहे. परंतु त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मुखवट्याखालचा चेहरा बदलतो, मुखवट्याभोवतीच्या माणसांचा पोशाख बदलतो. जंगलाचा कारभार कोणाच्या हाती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्यातील काही जण यावर आणखी जहाल सूचना करतील. हा गोरा वेताळ हवाच कशाला? त्याच्या जागी वीर बाबूराव शेडमाके आणा! मोलमपल्लीच्या या गोंड तरुणाने १८५८ मध्ये इंग्रजांशी झुंज दिली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याची कथा मराठी मुलांना ठाऊक असलीच पाहिजे, यात शंका नाही. परंतु त्याला वेताळाच्या साच्यात ओतणे हा त्याच्यावर अन्याय होईल. बाबूराव मुखवट्याआडून लढला नाही. तो अमर असल्याचे कोणाला वाटत नव्हते. त्याच्या जंगोम दलात गोंड, माडिया आणि रोहिले तरुण होते आणि ते आपापल्या नावानिशी लढले. नायक देशी केला आणि साचा विदेशीच ठेवला, तर त्या तरुणांचे पुन्हा गुरान होतील.

चिमूरचे उदाहरण याहून बोलके आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर उठले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तेथील मने तापलेली होती हे खरे. पण त्या दिवशी रस्त्यावर उतरला तो गाव होता. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. पुढे लष्कर आले आणि गावातील स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी करायलाही सरकार तयार होईना. तेव्हा नागपूरहून रमाबाई तांबे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी चिमूरला जाऊन त्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले. प्रा. भणसाळींनी चौकशीसाठी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले.

या साऱ्या इतिहासात वेताळ कोठे आहे? कोठेच नाही. ज्यांना चित्रकथेत 'इतर पात्रे' म्हटले असते, त्यांनीच तो घडवला. साक्ष देणाऱ्या स्त्रियांनी तर सर्वांत मोठे धैर्य दाखवले. कारण त्या काळी तोंड उघडणे म्हणजे अब्रूची होळी करून घेणे होते. त्यांना मुखवटा नव्हता, पळून जायला गुहा नव्हती आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचे होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता येणार नाही. नायक नसला की जमाव उरतो. आणि जमावाच्या हातून चिमूरला माणसे मारली गेलीच ना? होय, मारली गेली. ते लपवण्याचे कारण नाही आणि त्याचा गौरव करण्याचेही नाही. परंतु नायक की जमाव, अशी निवड पुढे ठेवणे हीच मुळात फसवणूक आहे. पुरुषोत्तमाची वाट पाहणे आणि क्षणाच्या संतापात वाहून जाणे, यांखेरीज तिसरा मार्ग आहे. तो म्हणजे सभा. रोज भरणारी, कंटाळवाणी, हिशेब मागणारी, बोलणाऱ्याला आणि न बोलणाऱ्यालाही धरून चालणारी सभा.

हा मार्ग पुस्तकी नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाने तो चालून दाखवला आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण कागद मिळाला म्हणून बांबू मिळाला नाही. वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. देवाजी तोफा यांचे नाव या लढ्याशी जोडले गेले आहे. पण निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचा, आणि तोच या लढ्याचा गाभा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने तोडल्याने जंगलाची हानी होते हे ओळखून, हाती येणाऱ्या पैशावर पाणी सोडले आणि बांबूवर भर दिला. कवटीच्या गुहेतल्या कोणत्याही बखरीत असा पराक्रम नोंदलेला नाही.

वेताळ नव्याने लिहायचाच असेल, तर तो येथून लिहावा. बखर वेताळाने लिहू नये, ती बांडारांच्या सभेत वाचली जावी आणि दुरुस्त व्हावी. वसाकांविरुद्धचे बंड गुलामांनी केले, की पाहुण्याने करवले, याचा निवाडा तेथे व्हावा. खजिन्याच्या गुहेचा हिशेब गुरानने मागावा. वेताळाने एखादा निर्णय चुकवावा आणि गावाने त्याला तसे तोंडावर सांगावे. जंगलात तेंदूपाने किंवा मोहफुले वेचायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात मरते, हे ताडोबाच्या आसपासच्या गावांचे वास्तव आहे. त्या वेळी घोड्यावरून येणारा कोणी नसतो. भरपाईचा अर्ज भरायला शेजारीण येते. त्या शेजारणीला कथेत नाव असावे.

गंमत अशी, की भाषांतरकारांनी निवडलेल्या नावातच ही कथा दडलेली आहे. आपला मूळचा वेताळ राजा असेल तर भुतांचा आहे, गावाचा नाही. तो वेशीवर राखणदार म्हणून उभा असतो. कोकणात आणि गोव्यात समजूत अशी, की तो रात्रभर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून गाव त्याला नव्या वहाणा वाहते. म्हणजे फिरतो तो वेताळ, पण वहाणा गावाच्या. हे नाते चाकरीचे आहे, सिंहासनाचे नाही. अमेरिकेतून आलेल्या नायकाला आपण नाव आपल्या देवाचे दिले. त्या देवाला गावाने घातलेली मर्यादा मात्र द्यायची राहून गेली.

हे सारे चित्रकथेपुरते असते, तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. परंतु हाच वेताळ पक्षाच्या कार्यालयातही येऊन बसतो. राज्यघटना पूर्ण होत असताना, नोव्हेंबर १९४९ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती ही हुकूमशाहीची वाट असल्याचा इशारा दिला होता. तो इशारा इतरांना ऐकवण्यात समाजवादी नेहमीच पुढे राहिले. परंतु १९५५ पासून समाजवादी चळवळ ज्या ज्या वेळी फुटली, त्या त्या वेळी तत्त्वांइतकाच व्यक्तिनिष्ठेचाही त्यात वाटा होता, हे कबूल करायला हवे. आजही शाखेची बैठक भरली, की नेता कोण देणार यावर तास जातो आणि मागील सभेच्या ठरावाचे काय झाले यावर पाच मिनिटेही जात नाहीत. कोणीतरी मुखवटा घालून येईल आणि आपल्याला वाचवील, ही आशा जेथे घर करते, तेथे कार्यकर्त्याचा गुरान होतो: निष्ठावंत, शूर, आणि मुका.

करण्यासारखे काम पुष्कळ आहे आणि ते जवळचे आहे. भाताची कापणी आटोपली, की वडशापासून चिमूरपर्यंत झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके चालतात. गावेच्या गावे मांडवात येऊन बसतात. चिमूरच्या साक्षीदार स्त्रियांची, मेंढ्याच्या परवान्याची, पाचगावच्या निर्णयाची कथा त्या मांडवात पोचली पाहिजे आणि लहान मुलांच्या हाती चित्रांच्या रूपाने पडली पाहिजे. चित्रकथेच्या चाहत्यांना तेथे सहकारी मानावे. त्यांच्याजवळ जिव्हाळा आहे, चित्रातून गोष्ट कशी पुढे सरकते याची जाण आहे आणि 'इतर पात्रांना' न्याय मिळावा ही तळमळही आहे. त्यांना एवढेच सांगायचे, की गुरानला चांगले कपडे देऊन थांबू नका, त्याला सभेत बोलू द्या. आणि हे सांगण्यापूर्वी पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या बैठकीत मागील ठरावांचा हिशेब पहिल्या विषयाला घ्यावा.